थांबायचे दोन टोले

मामा आमच्या घरात आले की आधी भांडी वाजायची. चहा विचारायच्या आत त्यांचा हात मांडणीवर गेलेला असायचा. एका हाताने पातेलं उचलायचं, दुसऱ्या हाताची टिचकी मारायची आणि मान वाकडी करून ऐकत राहायचं. "बरंय," म्हणाले की पातेलं परत जागेवर. काहीच बोलले नाहीत तर समजायचं की तळाला कुठेतरी चीर आहे. माझ्या माहेरहून आलेल्या पितळी डब्याला त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं होतं. मी मनात म्हटलं, काय आगाऊ माणूस आहे! डबा पुढे गळला, पण म्हणून कुणाच्या माहेरच्या वस्तूला तोंडावर असं करतात का?

माणसं काय बोलतात ते त्यांना ऐकू यायचं नाही. जन्मभर ऐरणीपाशी उभं राहून कान गेले होते. लोखंड मात्र ऐकू यायचं. रिक्षात बसण्याआधी पत्र्यावर टिचकी, बँकेत गेले की काउंटरच्या गजावर टिचकी. रिक्षावाले चिडायचे. "ओ काका, विकत घ्यायचीय का?" मामांना ते कुठलं ऐकू येतंय! ते आपले पत्रा पास करून आत बसायचे.

स्वतःच्या मुलासाठी मुलगी बघायला मामा-मामी डोंबिवलीला गेले होते, तिथेही हेच. पोह्यांच्या बशा ज्या ताटातून आल्या त्या ताटाला मामांनी भर बैठकीत टिचकी मारली आणि जाहीर केलं, "डाग दिल्याला हाय. चिरल्यालं जोडलंय." मुलीच्या बापाचं तोंड एवढंसं झालं. मुलगी मात्र फिस्सकन हसली आणि म्हणाली, "मीच पाडलं होतं ते, लहानपणी." मामींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हीच सून. घरी येऊन मला म्हणाल्या, "पोरगी खरं बोलती. आवाज चांगला हाय."

मामा नात्याने आमचे कुणी नव्हेत, सगळ्या चाळीचेच मामा; धंद्याने लोहार. कल्याणात दूधनाक्याच्या मागच्या गल्लीत आमची चाळ, आणि चाळीच्या तळमजल्याला रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक भट्टी, बाभळीच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण आणि काळ्या भिंतीला टांगलेल्या सांडश्या. मामा-मामी मूळचे नगरकडचे. आमचं बिऱ्हाड बरोबर त्या भिंतीमागे. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याने जागेचं कौतुक सांगताना स्टेशन जवळ, पाणी भरपूर, शेजार चांगला, एवढं सगळं सांगितलं. भिंतीपलीकडे घण चालतो हे सांगायचं तो सोयीस्कर विसरला.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं, डोळा लागायचा, की पलीकडे सुरू. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी केस न विंचरता तशीच तणतणत दुकानात गेले. आणि दारातच थबकले. घण मारत होत्या त्या मामी! मामांच्या खांद्यालाही न लागणारी ठेंगणी बाई, पदर कमरेला करकचून खोचलेला, आणि तो अवजड घण डोक्यावरून असा आणत होती की जणू ओल्या साडीचा पिळा आपटतेय. समोर मामा डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात छोटी हातोडी घेऊन उभे. दोघांत एक शब्द नाही.

मी भांडले. मामांना ऐकू आलं नाही, ते हसले. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला ओढून कोपऱ्यातल्या दुसऱ्या एका ओंडक्यावर बसवलं.

"आवाज कळत न्हाई म्हनून झोप मोडती तुजी," त्या म्हणाल्या. "काय चाललंय त्ये कळलं का झोपशील. आता बघ."

मग त्यांनी मला ती भाषा शिकवली. मामांची हातोडी लोखंडावर जिथे एकदा पडते, तिथे मामींनी घण घालायचा. हातोडी सरकली की घण सरकला. आणि हातोडी मोकळ्या ऐरणीवर दोनदा वाजली, टण टण, की थांबायचं. एक टोला म्हणजे मार, दोन म्हणजे थांब. संपलं व्याकरण.

"आणि तुम्ही दमलात तर?" मी विचारलं.

"घनवाल्यानं आपल्या मनानं थांबायचं नसतंय. मदीच हात आखडला तर घन वाकडा पडतोय. त्येंच्या बोटावर येईल, न्हाई तर लोखंड उडंल. थांब म्हनायचं काम हातोडीचं."

तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. घणाच्या दणदणाटात मी मेल्यासारखी झोपायचे आणि ते दोन टोले पडले की जाग यायची. मग भिंतीपलीकडून मामींची हाक, "उठलीस का गं? चा टाकलाय."

घरात मामांची भाषा तीच. जेवताना ताटाच्या कडेला एक टिचकी म्हणजे वाढ, दोन म्हणजे पुरे. पण मामी दोन टिचक्यांनंतरही हटकून अर्धी भाकरी वाढायच्या. मामा डोळे मोठे करायचे. मामी म्हणायच्या, "हितं कुटं ऐरन हाय?"

तर एकदाची गोष्ट. खडवलीहून एक शेतकरी कोयता करून घ्यायला आला होता. लोखंड लालभडक, काम रंगात आलेलं, मी आपली सुट्टीच्या दिवशी ऐरणीशेजारी चहाचा कप घेऊन उभी. इतक्यात रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यात रुळाचे जुने तुकडे भरलेले. जुन्या रुळाचं पोलाद म्हणजे मामांचा जीव की प्राण. त्यांनी मागचा-पुढचा विचार न करता सांडशी माझ्या हातात कोंबली, म्हणाले, "धर," आणि निघाले टेम्पोच्या मागे टिचक्या मारायला. थांबायचे टोले न देताच.

मला वाटलं मामी आता थांबतील. कसल्या थांबतायत! धाडकन घण आला. माझ्या हातातली सांडशी खांद्यापर्यंत झणझणली. चहा कुठे गेला, कप कुठे गेला, देव जाणे.

"मामी, थांबा!"

"तुज्यानं कशी थांबू? तू काय हातोडी हायेस का?"

आणि पुन्हा धाडकन. मी डोळे मिटून सांडशी धरून उभी. खडवलीवाला बिचारा "अहो बाई, कोयता, कोयता" करतोय. लोखंड काळं पडलं तरी मामींचा घण चालूच. अर्ध्या तासाने मामा घाम पुसत हसत आले, तर ऐरणीवर कोयत्याचा पापड झालेला. मामा बघतच राहिले. मामींनी घण डोक्यावर तसाच धरून ठेवला होता. म्हणाल्या, "थांब म्हनला हुता का?"

मामांनी मुकाट्याने हातोडी उचलली आणि ऐरणीवर दोन टोले दिले. तेव्हा कुठे घण खाली आला.

तो पापड पुढे दुकान होतं तोवर तिथल्या भिंतीवर टांगलेला होता. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय अवजार आहे? मामी सांगायच्या, "ह्ये आमच्या मालकाच्या अकलेचं मोजमाप." त्यानंतर मामांनी ते दोन टोले कधी चुकवले नाहीत. पाणी प्यायला जाताना दोन टोले, गावी जाताना दोन टोले, दुकान बंद करताना तर हमखास. आख्ख्या गल्लीला कळायचं की मामींचा दिवस संपला.

काळ बदलला तसं काम बदललं. खडवली, टिटवाळा, मुरबाडकडून विळे-कोयते घेऊन येणारी माणसं कमी झाली. तिकडच्या शेतांवर बिल्डिंगा आल्या आणि बाजारात साच्यातून काढलेले तयार कोयते आले. मामांनी असला एक कोयता टिचकी मारून ऐकला आणि काही न बोलता परत दिला. मग ठेकेदार येऊ लागले, टिकाव आणि छिन्न्या घेऊन. मग रस्ते फोडायच्या मशीनचे पॉइंट आले, बोथट झालेले, पोत्यापोत्याने. मामा तेही तापवून टोक काढून द्यायचे. चामड्याचा भाता जाऊन हाताने फिरवायचा पंखा आला. मुलगा शिकला, घोडबंदर रोडला मोठ्या ऑफिसात लागला, तिकडेच उंच टॉवरमध्ये त्याने फ्लॅट घेतला. "बाबा, आता बस करा," म्हणायचा. मामांना सोयीचं तेवढंच ऐकू यायचं.

मी निवृत्त झाले, नवरा गेला, लेक पुण्याला. दुपारी एकटी बसायचे. पण भिंतीपलीकडे घण होता, त्यामुळे घर रिकामं वाटायचं नाही. माझ्या विळीचं पातं झिजून झिजून पार काडी झालं होतं. लेक म्हणे, चॉपर घे. मी म्हटलं, तूच घे. मामांकडे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक चांगला तुकडा होता, त्यातून नवीन पातं काढून द्यायचं ठरलं.

त्या दुपारी माझंच पातं चाललं होतं. मी मटार सोलत बसलेले. हातोडी, घण, हातोडी, घण. आणि एकदम काहीच नाही.

मी वाट बघितली. टोले आले नाहीत. हातातलं सूप तसंच टाकून मी धावले. माझ्या आयुष्यात मी शांततेला एवढी कधी घाबरले नव्हते.

मामी खाली पडलेल्या, घण बाजूला. तोंड वाकडं झालेलं. मामा सांडशी तशीच धरून उभे होते. हातोडी हातात होती आणि पातं हळूहळू काळं पडत होतं.

मामी वाचल्या. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एवढी बोलकी बाई! मुलगा दोघांना घोडबंदर रोडला घेऊन गेला. त्याने आणि सुनेने केलं बरं का सगळं, कुणी नावं ठेवू नयेत. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती सांगायची, आजी, डावा हात वर करा. आजी खिडकीकडे बघत बसायच्या. खायचं म्हटलं तरी तोंड उघडायच्या नाहीत. दिवसेंदिवस वाळत चालल्या.

इकडे चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं. जागेचे मालक इथलेच, पिढीजात शेतकरी. आम्ही सगळे त्यांना दादूस म्हणायचो. सगळ्यांनी सह्या दिल्या, मीसुद्धा. राहिले एकटे मामा. आठवड्यातून दोनदा घोडबंदरहून बस बदलत, त्या ट्रॅफिकमध्ये कुजत कल्याणला यायचे, दुकान उघडायचे, भट्टी न पेटवता बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे. ऐरणीवर माझं अर्धवट पातं तसंच पडलेलं. हात लावू द्यायचे नाहीत.

दादूस एकदा त्यांच्या शेजारी दुसऱ्या ओंडक्यावर येऊन बसले आणि कानात ओरडून म्हणाले, "मामा, मी तुमाला बाहेर काढनार नाय. तुमी आमच्या बापासनं इथं हाव. पन बिल्डर रोज फोन करतंय. कवा ते तरी बोला."

मामा म्हणाले, "काम पुरं न्हाई."

"कंचा काम?"

मामांनी पात्याकडे बोट दाखवलं. दादूस दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायला लागले. विळीच्या एका पात्यासाठी आख्खी चाळ अडलीय! शेजारीपाजारी मलाच बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, मलाही राग आला. मलाही नवी जागा हवी होती, गळक्या मोरीला मी कंटाळले होते. म्हटलं, हे आता म्हातारचळ झालं. एके सकाळी तडक बस पकडून घोडबंदर रोडला गेले, मामांना चार शब्द सुनवायला.

सुनेने दार उघडलं. आत मामी खुर्चीत. समोर मामा स्टुलावर, मांडीवर स्टीलचं ताट उपडं घातलेलं आणि हातात चमचा. ताटावर एक टोला दिला की मामींचा डावा हात वर जायचा आणि खाली यायचा. पुन्हा एक टोला, पुन्हा हात वर. ती व्यायामवाली मुलगी कोपऱ्यात बसून मोबाईलवर शूटिंग करत होती. मामी माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या कामात होत्या.

"असंच चालतं," सून म्हणाली. "घासही असाच घेतात आता. एक टोला, एक घास. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली. मी म्हटलं, करा."

माझा राग तिथेच विरघळला. पण आले होते त्या कामाचं विचारायला हवं. मामांच्या कानाशी गेले आणि ओरडले, "मामा, दुकान का सोडत नाही?"

मामा बोलायला लागले. एवढं बोललेले मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आयुष्यात ती आपल्या मनानं थांबली न्हाई. पोटात पोर असताना बी न्हाई. त्या दिशी मी थांब म्हनलं न्हाई, आन तिचा घन पडला. मदीच. आता तसंच कुलूप लावू? मंग तिनं काम टाकलं असं हुतंय. तिनं टाकलं न्हाई." त्यांनी चमच्याने मामींकडे दाखवलं. "आन ती उटल्याबिगर थांब तरी कुनाला म्हनू?"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सुनेच्याही. मी मामींपुढे जाऊन बसले, त्यांचा तो गार पडलेला उजवा हात हातात घेतला आणि म्हटलं, "मामी, दुकानात यायचं का? माझं पातं राहिलंय."

मामींनी डावा हात पुढे केला, मामांच्या हातातला चमचा काढून घेतला आणि ताटावर मारला. एकच टोला.

मुलगा आधी नाही म्हणाला. डॉक्टरांना विचारलं, मग रविवारी गाडीत घालून आणलं. दादूसनी स्वतः दोन माणसं लावून मामींना खुर्चीसकट उचलून ऐरणीपाशी ठेवलं. गल्ली जमली होती. मामांनी भट्टी पेटवली. मुलगा ऑफिसचा शर्ट कोपरापर्यंत सारून पंखा फिरवायला बसला. पहिल्यांदाच बसत होता. धूर सगळा त्याच्या तोंडावर. पातं लाल झालं तसा तोच उठून सांडशी धरायला पुढे आला, पण मामांनी सांडशी त्याच्या हातून काढून माझ्या हातात दिली.

"हिला येतंय," म्हणाले.

मला वाटलं मामा हातोडी घेतील आणि मामींच्या डाव्या हाताला घणाचा नुसता स्पर्श करवतील. नाही. मामांनी हातोडी मामींच्या डाव्या हातात दिली. आणि घण स्वतः उचलला.

जन्मात कधी त्यांनी घण मारलेला मी पाहिला नव्हता. मामींनी हातोडी उचलली. हात लटपटला. हातोडी पात्याच्या पार कडेला पडली, जिथे पडायला नको होती तिथे. शेजारी उभा असलेला फॅब्रिकेशनवाला न राहवून म्हणाला, "अरे अरे, तिथे नको!" मला लोहारकाम कळत नाही, पण तिथे घण घातला तर पात्याची कड चेपणार हे मलासुद्धा दिसत होतं. मामांनी पाहिलं. आणि मामींनी दाखवलं बरोबर तिथेच घण घातला.

पुढची हातोडी बरी पडली. त्यापुढची आणखी बरी. हातोडी, घण, हातोडी, घण. मामींच्या कपाळावर घाम आला, ओठ घट्ट मिटलेले. मामांचा श्वास फुलायला लागला. या वयात घण म्हणजे काय खेळ आहे? मुलगा म्हणाला, "बाबा, बस." मी ओरडले, "मामा, पुरे." दादूसही म्हणाले, "मामा, थांबा वायच." मामा कुणाकडे बघेनात. पातं कधीच काळं पडलं होतं. ते फक्त हातोडीकडे बघत होते.

मामींनी मान वर करून मामांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हातोडी पात्यावरून उचलली, मोकळ्या ऐरणीवर नेली आणि दोन टोले दिले. टण, टण.

मामांनी घण खाली ठेवला. पंच्याने तोंड झाकून तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मामींनी डाव्या हाताने हातोडी मांडीवर ठेवली आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

थोड्या वेळाने मामा उठले. पातं पुन्हा तापवलं, पाणी पाजलं, धार काढली. शेवटी टिचकी मारून ऐकलं आणि मला म्हणाले, "बरंय." दुकानाची किल्ली दादूसच्या हातात दिली आणि भिंतीवरचा तो कोयत्याचा पापड तेवढा काढून सोबत घेतला.

आता तिथे सात मजली इमारत आहे. माझी जागा तिसऱ्या मजल्यावर, मोरी गळत नाही. मामा गेले. मामी मुलाकडे आहेत, चार शब्द बोलतात आता, आणि मी भेटायला गेले की सुनेला सांगून मला बळेच जास्तीचं वाढायला लावतात. विळी मी रोज वापरते. पात्याच्या कडेला एक खोलगट जागा आहे, तिथे मेथीची काडी हमखास अडकते. लेक आली की म्हणते, आई, बाजारात दे ना, सरळ करून देतील. मी म्हणते, काही वाकडं नाहीये. तिथेच मारायला सांगितलं होतं.